वेशीपलीकडचे सोलापूर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील ज्या शहरांचे रूप पालटले, त्यांच्या इतिहासात बहुधा एखाद्या वास्तुरचनाकाराचे नाव ठळकपणे येते. मुंबईच्या बोरीबंदरावरील रेल्वे स्थानकाची आणि त्याच्यासमोरच्या महापालिका भवनाची रचना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने केली, तर कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा या वास्तू मेजर चार्ल्स मॅन्ट याच्या आराखड्यांवरून उभ्या राहिल्या. स्टीव्हन्सने युरोपीय गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी, उंच मनोरे आणि भरगच्च कोरीवकाम यांची शैली मुंबईच्या हवेला जुळवून घेतली. मॅन्टने घुमट, छत्र्या आणि जाळ्या यांसारखी एतद्देशीय अंगे पाश्चात्त्य बांधणीत गुंफली, आणि पुढे या मिश्र शैलीला इंडो-सारासेनिक असे नाव रूढ झाले. याच काळात सोलापूरही मुळापासून बदलले. परंतु तेथे असे एखादे नाव शोधू जावे, तर ते हाती लागत नाही. आज महापालिकेचे मुख्यालय असलेले इंद्रभुवन हे शहराच्या अभिमानाचे स्थान खरे, पण आप्पासाहेब वारद यांच्या हौसेतून उभी राहिलेली ती देखणी वास्तू पूर्णत्वाला गेली विसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे शहराची नवी घडण बव्हंशी होऊन गेल्यावर.

मराठीतील ‘स्थापत्य’ हा शब्द येथे उपयोगी पडतो. वाडा, देऊळ किंवा राजवाडा रचणाऱ्याची विद्या ती स्थापत्य, आणि पूल, धरण, रस्ता किंवा पाणीपुरवठा योजना उभारणाऱ्या अभियंत्याची विद्या तीही स्थापत्यच. दोघांना एकाच शब्दाने सामावून घेण्याचा हा उदारपणा सोलापूरच्या इतिहासाला फार नेमका लागू पडतो. या शहराचे एकोणिसाव्या शतकातील स्थपती कमानींच्या आणि घुमटांच्या मागे सापडत नाहीत. ते शहराच्या वेशीपलीकडे, मातीच्या एका लांबलचक बांधावर आणि लोखंडी रुळांच्या एका टोकाशी सापडतात. त्यांचे काम डोळ्यांत भरणारे नसल्यामुळे शहराच्या इतिहासात त्यांना फार थोडी जागा मिळाली आहे, आणि ही उणीव भरून निघणे आवश्यक आहे.

पाण्याचा बांध घालून गाव वसवण्याची कल्पना सोलापूरला नवी नव्हती. बाराव्या शतकात होऊन गेलेले सिद्धरामेश्वर हे शिवयोगी, कन्नड वचनकार आणि सोलापूरचे ग्रामदैवत. त्यांच्या चरित्रात ध्यानधारणेइतकेच महत्त्व तलाव खोदण्याला आणि देवळे बांधण्याला दिलेले आढळते. ज्या तलावात आज सिद्धेश्वराचे मंदिर उभे आहे, तो तलाव त्यांनी आपल्या शिष्यांच्या श्रमातून सिद्ध केला, अशी शहराची श्रद्धा आहे. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करते. ही लिंगे सिद्धरामेश्वरांनी जुन्या गावाच्या परिसरात स्थापिली असे मानले जाते, आणि त्यामुळे यात्रेचा तो मार्ग म्हणजे जुन्या वस्तीचा दरवर्षी नव्याने रेखला जाणारा नकाशाच ठरतो. एखाद्या गावाने आपल्या संस्थापकाची आठवण तलाव बांधणारा म्हणून जपावी, यात त्या भूमीची गरज स्वच्छ दिसते. सोलापूरच्या अंगणातून बारमाही नदी वाहत नाही. सीना पश्चिमेला आणि भीमा दक्षिणेला, दोन्ही काही कोसांवर. उत्तरेकडून येणारी आदिला पावसाळा सरला की आटून जाते. पाऊस बेभरवशाचा, जमीन काळी आणि खोल, आणि पीक प्रामुख्याने रब्बीच्या ज्वारीचे. अशा ठिकाणी वस्ती वाढायची, तर पाणी अडवणाऱ्याशिवाय गत्यंतर नव्हते.

इंग्रजी अंमल आला तेव्हाचे सोलापूर हे तटात कोंडलेले गाव होते. सिद्धेश्वर तलावाला लागून असलेला भुईकोट, म्हणजे डोंगराचा आधार नसलेला सपाटीवरचा किल्ला, दुहेरी तटबंदीचा होता आणि तलावाचे पाणी त्याच्या संरक्षणाला उपयोगी पडत असे. मे १८१८ मध्ये जनरल टॉमस मन्रो याने येथील पेशवाई फौजेचा पराभव करून आधी पेठ आणि मग किल्ला घेतला, आणि पेशवाईच्या अखेरच्या लढायांपैकी एक सोलापुरात संपली. किल्ल्याखेरीज गावालाही स्वतःचा तट होता. त्याचा घेर सुमारे अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरांचा होता. तो फार बळकट नव्हता. पुढे जे भाग शिल्लक राहिले, त्यांची उंची आठ ते दहा फूट आणि तळाची रुंदी चार ते सहा फूट इतकीच होती. तोफेपुढे अशी भिंत टिकत नाही. परंतु पेंढाऱ्यांच्या टोळीला अडवण्यास आणि रात्री वेशी बंद करून गावाला निर्धास्त झोप देण्यास ती पुरेशी होती. वेस म्हणजे तटातील दरवाजा, आणि ज्या गावाकडे त्या दरवाजातून वाट निघे त्या गावाचे, किंवा जे लोक त्याच्या आसपास राहत त्यांचे नाव वेशीला मिळे. तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस, कुंभार वेस ही नावे अशी पडलेली आहेत.

या तटबंद गावाला पहिला नवा आकार कारभाराने दिला. १८३८ साली सोलापूर स्वतंत्र कलेक्टरीचे ठाणे झाले. ती कलेक्टरी १८६४ मध्ये मोडण्यात आली आणि १८६९ मध्ये पुन्हा स्थापन झाली. लष्कराची छावणी आणि साहेबलोकांची वस्ती तटाबाहेर पडली, आणि सदर बझार, लष्कर ही नावे त्या काळाची खूण म्हणून अजून वापरात आहेत. १८५० च्या कायद्याने गावांना आपल्या सुधारणेसाठी पालिका स्थापन करण्याची मुभा मिळाली, आणि तिचा लाभ घेणाऱ्या अगदी आरंभीच्या गावांमध्ये सोलापूर होते. तेथील नगरपालिका १८५२ साली अस्तित्वात आली. सभासद सरकारने नेमलेले असत, उत्पन्न तुटपुंजे असे, आणि अधिकारही मर्यादित. तरीही रस्ता, दिवा, गटार आणि पाणी या गोष्टी कोणा एका सरदाराच्या किंवा सावकाराच्या दानधर्मावर न सोडता गावाच्या सामायिक पैशातून करायच्या, हा विचार तेव्हापासून रुजू लागला, आणि पुढील तीस वर्षांतील सर्व बदलांना त्याचाच आधार मिळाला.

खरी उलथापालथ केली ती आगगाडीने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली याच्या देखरेखीखाली मुंबईहून आग्नेयेकडे निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे असा सुरू झाला, १८५९ मध्ये पुण्याहून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आला, आणि १८६० मध्ये मोहोळमार्गे सोलापूरला पोहोचला. या वाटेवर डिकसळजवळ भीमा आणि मोहोळच्या पुढे सीना या दोन नद्यांवर पूल बांधावे लागले. गंमत अशी, की सोलापुरापर्यंत रूळ आले तेव्हा मुंबई व पुणे यांच्यामधील बोरघाटाचा चढ अजून पुरा व्हायचा होता. घाटातील तो तुकडा प्रवासी पालख्यांतून व तट्टांवरून आणि माल बैलांवरून पार करत असे. एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला आणि सोलापूर मुंबईच्या बंदराला अखंड रुळांनी जोडले गेले. बर्कली मात्र हा दिवस पाहू शकला नाही. तो १८६२ मध्येच वारला होता.

यापुढची काही वर्षे सोलापूर हे या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. सोलापूरच्या दक्षिणेकडील काम १८६५ मध्ये सुरू झाले आणि रायचूरपर्यंतचा मार्ग १८७१ मध्ये पुरा झाला. मधल्या दशकात विजापूर, कलबुर्गी आणि रायचूर या बाजूंचा माल गाड्यांतून आणि लमाणांच्या बैलतांड्यांवरून सोलापूरला येऊन पडत असे आणि तेथून डब्यांत चढत असे. नेमका हाच काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा होता. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची ओढ लागली आणि भाव कधी नव्हे इतके चढले. आडत, म्हणजे दुसऱ्याचा माल आपल्या पेढीवर उतरवून घेऊन कमिशनवर विकून देण्याचा धंदा, सोलापुरात बहरला. अडत्ये, दलाल, तोलार, हमाल आणि गाडीवान अशी एक नवी लोकसंख्या स्थानकाच्या आजूबाजूला जमली. गाड्या सोडायला पटांगण हवे, बैलांना पाणी हवे, कापूस पावसात भिजू नये म्हणून वखारी हव्यात. आणि रात्री वेस बंद होणाऱ्या गावात यांपैकी कशाचीच सोय नव्हती. स्थानक तटाबाहेर होते, म्हणून व्यापारही हळूहळू तटाबाहेर सरकला, आणि गावाचा गुरुत्वमध्य प्रथमच किल्ला व देऊळ यांच्यापासून ढळला.

मुंबईत याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने जुन्या किल्ल्याचा तट पाडून टाकण्याचा निर्णय घेतला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे ती गॉथिक मुंबई उभी राहिली, जिच्यात स्टीव्हन्सच्या कर्तृत्वाला वाव मिळाला. त्या वैभवामागचा पैसा प्रामुख्याने कापसाचा होता, आणि तो कापूस सोलापूरसारख्या स्थानकांवरच गाडीतून डब्यात चढत होता, हे मुंबईच्या वास्तूंचे कौतुक करताना सहसा ध्यानात घेतले जात नाही. सोलापूरनेही त्याच वाटेने पाऊल टाकले, पण दहा वर्षांनी आणि आपल्या ऐपतीने. १८७२ च्या सुमारास वाढत्या वस्तीला जागा व्हावी म्हणून नगरपालिकेने गावाची पूर्वेकडील संपूर्ण भिंत आणि नैर्ऋत्य व उत्तर या बाजूंचे काही भाग पाडून टाकले. पाडलेल्या जागेवर मनोरे उभे राहिले नाहीत. रस्ते रुंद झाले, आणि पुढच्या काळात पूर्वेकडे विणकरांच्या पेठा पसरत गेल्या. कोणा एका रचनाकाराने कागदावर आखलेला हा विस्तार नव्हता. तरीही भिंत पाडण्याचा हा निर्णय, तोही गावाच्या स्वतःच्या पालिकेने घेतलेला, सोलापूरच्या नगररचनेतील शतकाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानावा लागतो. आजचे पूर्व सोलापूर त्या मोकळ्या झालेल्या कडेवरून वाढले.

तट पाडून जागा मिळते, पाणी मिळत नाही. त्यासाठी वेगळ्या स्थपतीची गरज होती, आणि येथे जे. जी. फाइफ या लष्करी अभियंत्याची कारकीर्द सोलापूरच्या इतिहासाला येऊन मिळते. फाइफ हा रॉयल इंजिनिअर्स या दलातील अधिकारी. दख्खनमध्ये येण्यापूर्वी त्याने सिंध प्रांतात काम केले होते. तेथे नदीला पूर आला की वाहणारे आणि पूर ओसरला की कोरडे पडणारे हंगामी कालवे त्याने अभ्यासले होते आणि वर्षभर वाहणाऱ्या कालव्यांचा आग्रह धरला होता. १८६० नंतरच्या अपुऱ्या पावसाने मुंबई सरकारला दख्खनच्या पाण्याचा विचार करणे भाग पडले, आणि १८६३ मध्ये या प्रदेशात पाणी कोठे व कसे साठवता येईल, याची पाहणी फाइफकडे सोपवण्यात आली. या पाहणीतून त्याने काढलेला निष्कर्ष असा होता, की दख्खनच्या नद्या पावसाळ्यात धावतात आणि उन्हाळ्यात थांबतात, म्हणून नुसते बंधारे घालून पाणी वळवणे पुरेसे नाही. पावसाळ्याचे पाणी मोठ्या जलाशयांत साठवून ते उंचावरच्या कालव्यांनी सावकाश सोडले पाहिजे. सिद्धरामेश्वरांच्या गावाला ही गोष्ट पटवून देण्याची गरज नव्हती. मात्र या प्रमाणावर ती करण्याचे बळ तोवर कोणाकडे नव्हते.

त्या धोरणाच्या आरंभीच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूरजवळचा एकरुख तलाव, ज्याला शहरातील लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात. शहरापासून सुमारे पाच मैलांवर, तुळजापूरच्या वाटेवर, आदिला नदीच्या पात्रात आडवा बांध घालण्याचे काम १८६६ मध्ये सुरू झाले आणि १८७१ मध्ये पूर्ण झाले. बांधाची लांबी सव्वादोन किलोमीटरांहून अधिक आणि सर्वाधिक उंची वीस मीटरांच्या वर आहे. तलाव पूर्ण भरला म्हणजे त्यात तीन अब्ज घनफुटांहून अधिक पाणी मावे, आणि मुंबई इलाख्यातील तेव्हाच्या कृत्रिम जलाशयांमध्ये तो सर्वांत मोठा गणला जात असे. त्यातून तीन कालवे काढण्यात आले होते: एक खालच्या पातळीवरचा, वर्षभर चालणारा, आणि दोन वरच्या पातळीवरचे, तलाव भरलेला असेल त्या चार महिन्यांपुरते चालणारे.

मातीचे धरण ही दिसायला साधी आणि करायला अवघड वस्तू आहे, आणि तिच्यातील कसब दुरून दिसत नाही, म्हणून ते थोडे उलगडून सांगितले पाहिजे. दगडी धरण आपल्या वजनाने पाण्याला तोलून धरते. मातीच्या धरणाला पाण्याशी अधिक सावधपणे वागावे लागते, कारण पाणी मातीवरून वाहिले तर ती वाहून जाते आणि मातीतून झिरपले तर आतून पोखरते. म्हणून प्रथम नदीच्या तळातील भुसभुशीत थर काढून पक्क्या थरापर्यंत चर खणतात आणि तो पाणी न झिरपणाऱ्या चिकणमातीने भरून घेतात. त्यावर भराव घालायचा तो पातळ थरांनी, प्रत्येक थर भिजवून आणि चोपून. घाई केली तर भराव पुढे बसतो आणि त्याला भेगा जातात. पाण्याकडील उतारावर दगड रचून लाटांपासून मातीचे रक्षण करतात. आणि सर्वांत महत्त्वाचा असतो सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बांधावरून न जाता बाजूने निघून जावे म्हणून ठेवलेली दगडी वाट. सांडव्याची रुंदी ठरवताना अभियंत्याला सर्वांत मोठ्या पुराचा अदमास घ्यावा लागतो, आणि ज्या ओढ्याच्या पाण्याची मोजमापे कोणीच ठेवलेली नाहीत, त्याच्या बाबतीत हा अदमास म्हणजे मोठीच जोखीम असते. एकरुखचा बांध दीडशेहून अधिक वर्षे पाणी धरून आहे, एवढ्यावरून त्या अदमासाची पारख होते.

आराखडा अधिकाऱ्यांचा होता, पण दख्खनमधील मातीकाम आणि दगडकाम यांचे पिढीजात कसब वडार आणि बेलदार यांच्या हातांत होते. दगड कोणत्या शिरेवर फुटेल, माती किती भिजली म्हणजे चोपायला योग्य होते, हे पुस्तकातून येणारे ज्ञान नाही. अशा कामांवर पुरुष खणत आणि बायका डोक्यावरच्या पाट्यांतून माती वाहून नेत, आणि बांधाचा प्रत्येक घनफूट अशा पाट्यांनी मोजून चढलेला असे. सरकारी अहवालांत त्यांची गणना ‘मजूर’ या एका शब्दात आटोपते आणि त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. परंतु एकरुखचे स्थपती मोजायचे, तर पहिली गणना त्यांची झाली पाहिजे.

शेतीच्या दृष्टीने या तलावाने आरंभी अपेक्षा पुरवली नाही. कारण काळी जमीन स्वतःच ओल धरून ठेवते. चांगल्या वर्षी परतीच्या पावसावर आणि हिवाळ्याच्या दवावर शाळू उत्तम येतो आणि पाणीपट्टी भरून पाणी घेण्याची शेतकऱ्याला गरज वाटत नाही. वाईट वर्षी सगळेच पाणी मागतात, पण तेव्हा तलावही पुरता भरलेला नसतो. दख्खनमधील अनेक कालव्यांचा हिशोब या कारणाने तोट्यात राहिला आणि तशा टीकाही झाल्या. ही टीका हिशोबाच्या वहीपुरती बरोबर होती. एकरुखचे मोल शेतीच्या वसुलीत शोधणे हीच चूक होती, कारण या तलावाने खरे घडवले ते शहर.

१८७६ मध्ये पाऊस गेला. १८७६–७७ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांनी सर्वाधिक सोसले, त्यांत सोलापूर होता. गुरे कवडीमोलाने विकली गेली, गावे ओस पडली, आणि हजारो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास व माती वाहण्यास आली. सरकारने पाठवलेल्या रिचर्ड टेम्पल याने मजुरांचा रोजमुरा कमी करण्याची शिफारस केली, तेव्हा कामांवरील उपाशी माणसांनी कामे सोडून त्याचा निषेध केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्यातील हालअपेष्टांची साधार माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. याच दुष्काळी कामांतून जिल्ह्यातील आष्टीचा तलाव उभा राहिला. त्या तलावाच्या बांधाकडे पाहताना त्याची उपयुक्तता जितकी आठवावी, तितकीच त्याची किंमतही आठवली पाहिजे. अर्धपोटी माणसांनी वाहिलेली ती माती आहे.

दुष्काळाच्याच वर्षांत, १८७७ मध्ये, मुंबईचे भाटिया व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची कापडगिरणी सुरू झाली. शहरात तिला ‘जुनी मिल’ हे नाव पडले, आणि गिरणी बंद पडून कैक वर्षे लोटली तरी त्या आवाराला ‘जुनी मिल कंपाउंड’ असेच म्हणतात. मुंबईसारखे बंदर आणि भांडवल सोडून गिरणी सोलापुरात का यावी, याचे उत्तर आधीच्या पंधरा वर्षांच्या घडामोडींत आहे. रूळ रायचूरला पोहोचल्यावर शेवटच्या स्थानकाचा लाभ सोलापूरच्या हातून गेला होता आणि गाड्यांचा माल आता तेथे थांबण्याचे कारण उरले नव्हते. परंतु कापसाची ओळखीची बाजारपेठ, कोळसा आणणारी व कापड नेणारी आगगाडी, बाष्पकांना लागणारे पाणी आणि दुष्काळाने गावाबाहेर काढलेली माणसे, या चारही गोष्टी एका ठिकाणी जुळलेल्या होत्या. बाष्पक म्हणजे पाण्याची वाफ करणारे यंत्र, आणि वाफेवर चालणाऱ्या गिरणीला कापसाइतकीच पाण्याची भूक असते. शतक संपताना लक्ष्मी आणि नरसिंगगिरजी या गिरण्या तिच्या जोडीला आल्या आणि पुढच्या दशकात विष्णू व जाम या गिरण्याही.

गिरणीची इमारत कोणी सौंदर्यासाठी पाहत नसे. करवतीच्या दात्यांसारखे उतरते छप्पर, उत्तरेकडून येणारा सावलीचा उजेड आत घेण्यासाठी त्यात बसवलेल्या काचा, आणि धूर उंच नेऊन सोडणारी विटांची चिमणी, ही तिची अंगे यंत्राच्या सोयीने ठरलेली. तरीही सोलापूरच्या क्षितिजाला सिद्धेश्वराच्या शिखराखेरीज आणि किल्ल्याच्या बुरुजांखेरीज नवी उंची दिली ती या चिमण्यांनीच. गिरणीने वेळही बदलली. पहाटेचा भोंगा हे शहराचे घड्याळ झाले; कोंबडा, नमाज आणि काकडआरती यांच्यावर चालणारी सकाळ पाळीच्या हिशोबाने वाटली गेली आणि मजुरांच्या चाळी गिरणीच्या भिंतीलगत उभ्या राहिल्या.

हातमागाचा धंदा याने संपला नाही, हे सोलापूरचे वैशिष्ट्य. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पेशवाईपासून येथे वस्तीला होते, आणि दुष्काळांच्या काळात त्यांच्या आणखी लाटा येत राहिल्या. गिरण्यांनी त्यांना सूत पुरवले. गिरणीचे सूत आणि मागाची लुगडी अशी जोडी जमली, आणि तट पाडून मोकळ्या झालेल्या पूर्व बाजूला घरातच माग मांडलेल्या विणकरांच्या ओळी वाढत गेल्या. मागाला खड्डा लागतो, सूत भिजवायला हौद लागतो, ताणा पसरायला लांब गल्ली लागते. पूर्वभागातील घरांची आणि गल्ल्यांची ठेवण या गरजांनी ठरवली. रंगाऱ्याला आणि खळ देणाऱ्याला स्वच्छ पाणी तर प्रत्येक दिवशी हवे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चार भाषा एका बाजारात बोलणारे शहर या वाढीतूनच सिद्ध झाले.

म्हणून १८८१ च्या सुमारास पूर्ण झालेली पाणीपुरवठ्याची योजना ही या सगळ्या घडणीची कळसाची पायरी ठरते. एकरुखचे पाणी वाफेच्या पंपांनी उचलून नळांनी शहरात आणण्यात आले. तोवर शहर आडांवर, विहिरींवर आणि सिद्धेश्वर तलावावर जगत होते. पैसेवाल्यांच्या घरी पखालजी चामड्याच्या पखालीतून पाणी घालत, आणि बाकीच्या घरांतील बायकांचा निम्मा दिवस घागरी वाहण्यात जाई. आड कोणाचा आणि त्यावर कोणी जायचे नाही, हे जातीने ठरलेले असे. नळकोंडाळ्याने तो भेद मिटवला असे म्हणता येत नाही, परंतु पाणी ही पालिकेने सर्वांना पुरवायची वस्तू आहे, हे निदान नळाच्या तोटीवर लिहिले गेले. योगायोग असा, की ज्या १८८१ साली सोलापूरच्या नळांना पाणी आले, त्याच साली कोल्हापूरचा नवा राजवाडा अपुरा ठेवून मॅन्टचा मृत्यू झाला. राजवाडा तीन वर्षांनी पुरा झाला आणि त्याचे चित्र सर्वतोमुखी झाले. नळाचे चित्र कोणी काढत नाही. पण १९०१ च्या शिरगणतीत ७५,२८८ माणसे ज्या शहरात राहत होती, ते शहर त्या नळावर उभे होते.

फाइफच्या नावाची कथाही लक्षात घेण्यासारखी आहे. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे दगडी धरण त्याच्याच पुढाकाराने १८७९ पर्यंत पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला सरकारने ‘लेक फाइफ’ असे नाव दिले. लोकांनी ते स्वीकारले नाही आणि खडकवासला हेच नाव टिकले. सोलापुरात तर तसा प्रयत्नही झाला नाही. तलाव एकरुख आणि हिप्परगे या गावांच्या नावांनीच ओळखला गेला, आणि ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्या गावांच्या वाट्याला निदान नाव तरी राहिले.

शहराची तहान आता प्रामुख्याने उजनीच्या आणि भीमेच्या पाण्याने भागते. एकरुख हा जुना आधार जोडीला आहे. गाळाने त्याची खोली कमी झाली असली, तरी बांध जागेवर आहे. तटाच्या वेशी मात्र गेल्या. बाळीवेशीत उभे राहून वेस शोधणाऱ्याला तेथे दुकाने आणि रहदारी दिसते, आणि तरीही पत्ता सांगताना कोणाला दुसरे नाव सुचत नाही. ज्या वर्षी पाऊस मनापासून पडतो, त्या वर्षी हिप्परग्याचा सांडवा वाहू लागतो, आणि ते पाणी आदिलेच्या जुन्या पात्रातून, शहराच्या कडेने, सीनेकडे निघून जाते.